कबुलीची पाळी

दोष आप्पांचा. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, म्हणजे एवढं सगळं कुणामुळं झालं असं पुढं कुणी विचारायला नको. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते, निपाणीच्या स्टँडवर दोन सर्व्हिस मोटरींचे मालक. वडील गेले तेव्हा मी मराठी तिसरीत होतो. तेव्हापासून आप्पांनी मला सांभाळलं, हे खरं आहे. दिवसातून दोनदा ते स्वतःच सांगतात, त्यामुळं विसरायची सोय नाही.

आमच्या स्टँडवर किस्से साचतात त्याला कारण आहे. मोटर घड्याळावर सुटत नाही, भरली की सुटते. भरेपर्यंत ड्रायव्हर, कंडक्टर, चहावाला, आत आधीच येऊन बसलेले उतारू, कुणालाच बोलण्यावाचून दुसरं काम नाही. चिकोडीची मोटर भरायला दोन किस्से लागतात, बेळगावची भरायला चार, आणि तंबाखूचा बाजार थंड असला की सहा. त्यातले निम्मे एकाच प्रश्नाभोवतीचे. कोर्टात काय म्हणायचं, कबूल की नाकबूल?

सध्या मला वेळ भरपूर आहे. का आहे ते शेवटी कळेल.

०

माझी शाळा इंग्रजी सहावीत सुटली. सुटली म्हणजे हेडमास्तरांनी 'सत्याचे महत्त्व' असा निबंध घातला आणि मी तो लिहिला. तपासणीला इन्स्पेक्टर आले तेव्हा पट भरलेला दिसावा म्हणून दुसऱ्या शाळेची पोरं आमच्या वर्गात आणून बसवली होती, एवढंच लिहिलं. अक्षर सुवाच्य होतं. हेडमास्तरांनी आप्पांना बोलावून घेतलं. आप्पा घरी येऊन म्हणाले, "एवढं खरं बोलणारं पोरगं दुकानात चालायचं न्हाय. पर स्टेरिंगला काय बोलाय लागत न्हाय."

अशी माझी लाइन ठरली. दोन वर्षं मोटरी पुसल्या, मग लायसन काढलं. लायसनाला महिना व्हायच्या आत समन्स आलं.

इथं आमच्या स्टँडची रीत सांगायला हवी. पोलीस बहुतेक वेळा मोटरीचा नंबर टिपून घेतो आणि ड्रायव्हर कोण होता ते सावकाश मालकाला विचारतो. मालक, म्हणजे आप्पा, त्या वेळी ज्याची पाळी असेल त्याचं नाव सांगत. ऑफिसच्या दाराआड पाटीवर खडूनं दोन नावं लिहिलेली होती, बाबालालचं आणि माझं, आणि त्यांच्यापुढं रेघा. ज्याच्या रेघा कमी, तो कोर्टात जाऊन 'कबूल' म्हणणार. खरा गुन्हा कुणाचा हे कुणी विचारायचं नाही. दंड आप्पा भरत. लायसनावर शेरा मात्र आमच्या पडे.

आप्पांचं म्हणणं सरळ होतं. "नाकबूल म्हटलं की तारीख पडती. तारीख पडली की मोटर कोर्टाच्या चिंचेखाली दिसभर हुबी. हुब्या मोटरीत कोण बसतंय?"

माझं पहिलं समन्स तवंदीच्या घाटातलं. वळणावर हॉर्न दिला नाही, हा गुन्हा. चालवत होता बाबालाल. मी त्या दिवशी तापानं घरी अंथरुणावर. पण पाळी माझी.

"कबूल म्हणायचं आणि यायचं," आप्पा म्हणाले. "मधी काय बोलायचं न्हाय. तुजं खरं तर अजिबात न्हाय."

चिकोडीच्या कोर्टात मी "कबूल" म्हटलं. साहेबांनी सहज विचारलं, "हॉर्न का दिला नाहीस?"

कारण असं होतं की आमच्या मोटरीचा हॉर्न म्हणजे आखूड पितळी भोंगा आणि त्याच्या मागं रबराचा फुगा. तो कुणी चोरून नेईल म्हणून आप्पा तो काढून कोटाच्या खिशात ठेवत आणि मोटर सुटताना परत लावायला विसरत. हे साहेबांना सांगावं की नाही याचा मी विचार करत होतो. तेवढ्यात मागच्या बाकावर आप्पा जरा नीट सरकून बसले.

पों!

साहेबांनी मान वर केली. कारकुनानं केली. शिपायानं केली. आप्पा आढ्याकडं बघत होते.

"हॉर्न तर चांगला दिसतो," साहेब म्हणाले आणि लायसनावर पहिला शेरा लिहिला.

तेव्हापासून कोर्टाच्या दारात बाबालाल न चुकता हात पुढं करतो. "आप्पा, खिसा."

०

बाबालाल साठीचा. पहिल्या लढाईत मेसापोटेमियात लॉरी चालवून आलेला. तोफांना भ्याला नाही म्हणतो, पण कोर्टाच्या पायऱ्या दिसल्या की वहाणा खालीच काढून ठेवतो. तो 'कबूल' म्हणतच नाही. आमच्याकडं साहेब बहुतेक कानडी असतात, आणि त्यांच्या भाषेत माफी मागितली की शिक्षा हलकी होते असं त्याचं ठाम मत. म्हणून पुकारा झाला की हात जोडून एकच वाक्य, "तप्पायितु स्वामी." चूक झाली, स्वामी.

एकदा बाजारात दोन बैलगाड्या एकमेकींना भिडल्या. मोटरीचा काही संबंध नाही. बाबालाल बाजूला उभा राहून विडी ओढत होता, म्हणून त्याला साक्षीला बोलावलं. पुकारा झाला. बाबालाल पुढं गेला, हात जोडले.

"तप्पायितु स्वामी."

कारकून म्हणाला, "अहो, तुम्ही साक्षीदार आहात."

"व्हय की."

"तुमचा काही गुन्हा नाही."

बाबालाल घोटाळला. एवढ्या वर्षांत त्याला असं कुणी म्हटलंच नव्हतं. जरा विचार करून तो म्हणाला, "मग असं करा साहेब, आता म्हटलंय ते लिवून ठेवा. फुडल्या बारीला धरू."

स्टँडवर परत आल्यावर ही कबुली आपल्या नावापुढं लागावी म्हणून त्यानं खडू मागितला. आप्पांनी दिला नाही. म्हणाले, "मोटरीबिगरची कबुली चालत न्हाय."

०

पुढं बाबालालच्या लायसनावर दोन शेरे झाले. तिसरा पडला की लायसन काही महिने जातं, हे स्टँडवर चहावाल्यालाही माहीत होतं. आणि नेमका तेव्हाच संकेश्वरच्या पोलिसानं त्याला मोटर चालवताना पकडला, भरधाव चालवली म्हणून. नाव तिथंच लिहून घेतलं, पाळीचा प्रश्नच उरला नाही.

त्या वेळी आप्पांनी पहिल्यांदा 'नाकबूल' म्हणायला सांगितलं. "माजा बाबालाल जायाचा न्हाय," असं म्हणाले. हे वाक्य मी ध्यानात ठेवलंय. पुढं लागेल.

बचावाला साक्षीदार आणला शहापूरचा एक विणकर. लुगड्यांचे गठ्ठे घेऊन दर आठवड्याला आमच्याच मोटरीनं निपाणीला येणारा. सरळ माणूस. त्यानं सांगितलं, "साहेब, ही मोटर आणि भरधाव? घाटात मी पाय मोकळं कराय उतरलो, चालत वर गेलो, बसून तंबाखू मळली, खाल्ली, तरी मोटर यायची व्हती. मागल्या म्हैन्यात तर एक म्हस आमाला वलांडून गेली."

कोर्ट हसलं. साहेबही हसले. केस जिंकल्यात जमा होती. आणि मागच्या बाकावरून आप्पा उठले.

"खोटं हाय साहेब. कोल्हापूरपतोर आमची मोटर समद्यांच्या फुडं असती. म्हस? कुठली म्हस?"

साहेबांनी लेखणी पुन्हा उचलली. "म्हणजे जोरात चालते?"

"चालती म्हंजे? उडती."

बाबालालनं मुकाट्यानं हात जोडले. "तप्पायितु स्वामी."

साहेब हसण्याच्या मनःस्थितीत होते म्हणून नुसत्या ताकिदीवर भागलं. पण त्या दिवशी आप्पांनी दाराआडच्या पाटीवरून बाबालालचं नाव पुसलं. त्यानंतर प्रत्येक पाळी माझी.

०

माझा दुसरा शेरा कसा पडला ते ऐका. यात माझाच गुन्हा होता, हे कबूल. आमच्या मोटरीला परवाना बावीस उतारूंचा. चिकोडीच्या फाट्यावर पोलिसानं सत्तावीस मोजले.

मी 'कबूल' म्हणायला तयार होतो. पण कोर्टाच्या चिंचेखाली बसणाऱ्या एका वकिलांनी आप्पांना गाठलं. वकिलांचा मुद्दा नामी होता. या मोटरीत सत्तावीस माणसं मावूच शकत नाहीत. पोलिसाची मोजणी चुकली. साहेबांनी हवं तर बाहेर येऊन स्वतः बघावं.

साहेब बाहेर आले. पायरीवर उभे राहिले. कोर्टात आलेली, बाजारात आलेली, रिकामी असलेली माणसं वकिलांनी गोळा केली. आणि त्यांना आत बसवायचं काम सांगितलं आमच्या कंडक्टर शिवबाला.

शिवबाला वकिलांनी मुद्दा समजावला होता. शिवबानं मान डोलावली होती. पण मोटरीच्या दारात उभा राहिला आणि समोर माणसं दिसली की शिवबाचा शिवबा राहत नाही. बावीस बसली. "सरका, सरका, आक्का, टोपली मांडीवर घ्या." पंचवीस. "मामा, पाय आत घ्या की." सत्तावीस. वकील घाम पुसत हातवारे करू लागले. शिवबाला वाटलं, अजून घ्या म्हणतायत. एकतीस बसवले आणि दार लावून घेतलं.

मग पायरीवरच्या साहेबांकडं बघून तो म्हणाला, "साहेब, तुमी एकलंच असशीला तर ड्रायवरजवळ जागा हाय."

०

आता आप्पांच्या स्वतःच्या लायसनाविषयी. ते नाही. कधीच नव्हतं. आणि तरीही आप्पा मोटर चालवतात, संकेश्वरपर्यंत तर चालवतातच. त्यांना कोण बोलणार?

ही दुसरी लढाई लागायच्या आधी एकदा ते लायसन काढायला बेळगावला गेले होते. कोशा पटका, इस्त्रीचा कोट. पोलीस साहेब शेजारी बसले. आप्पांनी मोटर कँपातून झोकात फिरवली. साहेब खूश झाले. म्हणाले, "आता मागं घ्या."

आप्पांना रिव्हर्स येत नाही. शिकलेच नाहीत. पण येत नाही असं म्हणण्यातले ते नव्हेत. त्यांनी मोटर बंद केली, खाली उतरले, पटका सारखा केला आणि म्हणाले, "मागं जायाला मी मोटर घेतल्याली न्हाय!"

आणि मोटर तिथंच सोडून चालत स्टँडवर गेले. मोटर आणायला बाबालालला जावं लागलं.

निपाणीत मोटर वळवायची झाली तर आप्पा अजून तीन गल्ल्या फिरून येतात. लढाई सुरू झाल्यापासून त्यांना चांगलं कारण सापडलंय. "पेट्रोल कंट्रोलात मिळतंय. ते मागं जायाला जाळू व्हय?" घरातही तसंच. एकदा बोलले की बोलले. मला वाटतं आमच्याकडं म्हाताऱ्या माणसांना रिव्हर्स बसवलेलाच नसतो. चुकीच्या रस्त्याला लागले तरी जोरातच जातात, आणि आत बसलेल्या आम्हा पोरांना सांगतात, हलू नका.

०

आता शेवटचा.

बेळगावच्या एका मोठ्या मोटर कंपनीत ड्रायव्हर घेणार होते. मी अर्ज केला. घरी सांगितलं नव्हतं. त्यांनी मला बोलावलं, घाटातून मोटर चालवून घेतली, मागं घ्यायला लावली, एका अरुंद बोळात दोनदा. कागद दिला. पहिल्या तारखेला लायसन घेऊन हजर व्हायचं. पाळी नाही, खडू नाही, आप्पा नाहीत. आयुष्यात मला कुणी पहिल्यांदाच काही दिलं होतं ते माझं काम बघून.

त्याच आठवड्यात आप्पा भरलेली मोटर घेऊन संकेश्वरला निघाले. वाटेत एक अरुंद पूल आहे. पलीकडून तंबाखूच्या बोदांनी, म्हणजे गठ्ठ्यांनी, लादलेल्या सात बैलगाड्या येत होत्या. पहिली गाडी पुलाच्या मध्यावर आली होती. आप्पांनीही मोटर पुलावर घातली.

गाडीवान म्हणाला, "अण्णा, मागं घ्या. बैलं मागं सरत न्हाईत."

आप्पा म्हणाले, "मी बी न्हाय."

दोन तास रस्ता बंद. दोन्ही बाजूंना जत्रा भरली. कुणीतरी चुरमुरे विकायला लागला. शेवटी उतारूच खाली उतरले, बोनेटला खांदे लावले आणि मोटर ढकलत ढकलत पुलावरून मागं नेली. आप्पा स्टेरिंग धरून, समोर बघत, ताठ बसून होते. आजही म्हणतात, "मी मागं गेलो न्हाय. लोकांनी ढकाललं."

पोलीस आला तेव्हा आप्पा चहा प्यायला गेले होते. पोलिसानं नंबर टिपला, ड्रायव्हरचं नाव विचारलं. शिवबानं रीतीप्रमाणं माझं सांगितलं.

समन्स घरी आलं तेव्हा मी बेळगावचा कागद आप्पांच्या पुढं टाकला. म्हटलं, "हा तिसरा शेरा आहे. लायसन गेलं की ही नोकरी गेली. मी नाकबूल म्हणणार. आणि कोण चालवत होतं ते सांगणार."

आप्पांनी कागद उलटा सुलटा करून बघितला. "बिगर लायसनचा मालक चालवत व्हता असं सांगितलंस तर दोनी मोटरींचा परवाना जाईल. बाबालाल जाईल, शिवबा जाईल."

"बाबालालसाठी नाकबूल म्हणायला लावलंत. माझ्यासाठी का नाही?"

"बाबालाल नोकर हाय," आप्पा म्हणाले. "तू घरचा."

मी पुष्कळ बोललो. तुम्ही भित्रे आहात म्हणालो. तुमच्यापेक्षा तो सात गाड्यांचा पहिला बैल बरा, निदान त्याला खरंच मागं सरता येत नाही, असंही म्हणालो. चुलती चुलीपाशी होती. आम्ही तिला आक्का म्हणतो. ती एवढंच म्हणाली, "कबूल म्हण न्हायतर नगं म्हणू. पर उपाशी जाऊ नगंस. दोगांची भाकरी बांधल्या."

चिकोडीला जाताना मी मोटर चालवली. आप्पा शेजारी बसले. मी मनात सगळं पाठ केलं. कबूल की नाकबूल? नाकबूल. मग चालवत कोण होतं? मागच्या बाकावर बसलेत ते, कोशा पटक्याचे.

कोर्टाच्या दारात बाबालालनं हात पुढं केला. "आप्पा, खिसा." भोंगा त्याच्याकडं गेला. मला तो म्हणाला, "शंकर, साहेब नवा हाय. धारवाडाकडचा. तप्पायितु म्हण, बाळा, ऐक माजं." शिवबा माझ्याकडं बघेना.

पुकारा झाला. कारकुनानं गुन्हा वाचला. पुलावर मोटर घालून रस्ता अडवला, सांगूनही मागे घेण्यास नकार दिला.

"कबूल की नाकबूल?"

मी मागं वळून बघितलं. एकदा बोट दाखवायचं तर माणूस कुठं बसलाय ते नीट बघून घ्यावं म्हणून. आप्पा बाकाच्या टोकाला बसले होते. खिसा रिकामा, त्यामुळं हातांना काम नव्हतं. भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन ते दोन्ही हातांनी धरून बसले होते.

"कबूल," मी म्हटलं.

साहेबांनी लायसन उलटलं. "दोन शेरे आहेत. आता तिसरा पडेल. माहीत आहे?"

"माहीत आहे."

"तुला मोटर मागे घेता येत नाही का? येत नसेल तर तसं सांग."

तसं सांगितलं असतं तर कदाचित भागलं असतं. पण मला येते. मला तेवढंच येतं.

"येते," मी म्हटलं.

"मग का घेतली नाहीस?"

या प्रश्नाचं उत्तर अख्ख्या चिकोडी तालुक्यात एकाच माणसाकडं होतं, आणि तो माणूस उठून उभा राहिला होता. गाठोडं खाली पडलं.

"मागं जायाला मी मोटर घेतल्याली न्हाय!"

बाबालालनं डोळे मिटून हात जोडले होते. साहेबांनी चष्मा काढला, आप्पांच्या पटक्यापासून वहाणांपर्यंत बघितलं, मग मला विचारलं, "हे कोण?"

"उतारू आहेत साहेब," मी म्हटलं. "त्या दिवशी पुढच्या सीटवर होते."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. आप्पांकडं बघितलं. पुन्हा माझ्याकडं बघितलं.

"उतारूंनी खाली बसावं," ते म्हणाले आणि लिहायला लागले.

आप्पा खाली बसले.

लायसन सहा महिन्यांसाठी गेलं. बेळगावची जागा दुसऱ्याला दिली.